जरा बसा

मराठी भाषेंतील सर्वांत गोड शब्द कोणता, असा प्रश्न आम्हांस कोणीं केला, तर 'आई', 'चांदणें', 'माहेर' असल्या कविमान्य शब्दांच्या वाटेस न जातां आम्ही सरळ 'बसा' हा शब्द पुढें करूं. अवघीं दोन अक्षरें. त्यांत ना नाद, ना अलंकार. परंतु दारांत आलेल्या माणसास या दोन अक्षरांनीं जें मिळतें, तें पानभर स्वागतपर भाषणानें मिळत नाहीं. 'बसा' म्हटलें कीं येणाऱ्याच्या पायांस विसांवा मिळतो, पाठोपाठ पाण्याचा तांब्या येतो, मागून चहा येतो, आणि ज्या कामासाठीं तो आला तें काम दुय्यम होऊन तो माणूस मुख्य होतो. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. त्या भाषेंतहि बसण्याची विनंती करणारे शब्द आहेत. पण त्यांत खुर्ची अधिक आणि घर कमी असतें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

मात्र हा शब्द उच्चारतांना आपली जीभ माणूस पाहून वळते. विमा उतरविण्यास आलेला गृहस्थ, दूरच्या नात्यांतील लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, निवडणुकीच्या दिवसांत हात जोडून येणारा उमेदवार, या सर्वांस आपण विनासायास 'बसा' म्हणतों. उलट, तीन जिने चढून खांद्यावरून गॅसचें सिलिंडर आणणारा माणूस, वादळाच्या रात्रीं खांबावर चढून गेलेले दिवे परत आणणारा वायरमन, भर दुपारीं रजिस्टर पत्रावर सही घेण्यास आलेला पोस्टमन, पहाटे रस्ता झाडणाऱ्या आणि कचऱ्याच्या गाडीमागून चालणाऱ्या बाया, औषधांची पिशवी खांद्याला अडकवून घरोघर फिरणारी आशाताई, यांच्यासाठीं आपला शब्दकोश निराळा असतो. 'तिथें ठेवा', 'किती झाले?', 'सही कुठें करूं?', 'उद्यां या'. या शब्दांत दुष्टावा नाहीं; पैसेहि आपण चोख देतों. फक्त त्यांत बसण्याची सोय नसते.

उंबरठ्याबाहेर कोणीं उभें राहावें आणि आंत येऊन कोणीं बसावें, याचें एक शास्त्र आपल्या समाजानें शेंकडों वर्षें पाळिलें. त्याच्या मुळाशीं जातिभेद होता, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. कायद्यानें तें शास्त्र मोडलें. परंतु संवय ही कायद्यापेक्षां चिवट असते. सफाईच्या कामावर आजहि बहुतांशीं त्याच समाजांतील माणसें दिसतात, आणि आपण जातपात मानीत नाहीं असें म्हणणाऱ्या घरांतहि उंबरठा पूर्वीच्याच जागीं असतो.

आम्हां शिक्षकांचा धंदाहि तसा उभ्याचाच. खडू हातांत घेऊन फळ्यासमोर चार चार तास उभें राहिल्यानंतर पायांच्या पोटऱ्या काय म्हणतात, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमचा तास संपला म्हणजे घंटा होते, प्राध्यापकांच्या खोलींत आमची खुर्ची आमची वाट पाहात असते, आणि शिपाई चहा आणून देतो. उभें राहण्याचें खरें दुःख उभें राहण्यांत नसून, बसण्याची वेळ कधीं येईल हें आपल्या हातीं नसण्यांत आहे. हा भेद आम्हांस पुस्तकांनीं शिकविला नाहीं. तो आमच्या एका मावशीच्या पायांनीं शिकविला.

ही आमची मावशी एका जिल्ह्याच्या गांवीं सरकारी रुग्णालयांत छत्तीस वर्षें परिचारिका होती. ती आमच्याकडे आली म्हणजे खुर्चीवर बसे ती अगदीं कडेला, जणूं कोणी हांक मारतांच उठावयाचें आहे. पाठ कधीं टेकावयाची नाहीं. आम्ही म्हणावें, "मावशी, नीट टेकून बस ना." त्यावर तिचें उत्तर ठरलेलें असे: "अरे, टेकलं कीं झोंप लागते, आणि झोंप लागली कीं कोणाची तरी सलाईन संपते!" सेवानिवृत्त होऊन सहा वर्षें झालीं, तरी तिच्या मनांत कोणाची तरी सलाईन संपतच होती.

तिच्या दोन्ही पायांच्या शिरा पोटरीपासून घोट्यापर्यंत द्राक्षाच्या वेलासारख्या वळून फुगलेल्या होत्या. वैद्यकीय पुस्तकांतील त्याचें कारण मोठें बोधप्रद आहे. हृदयाकडून पायांत उतरलेलें रक्त परत वर चढविण्याचें काम पोटरीचे स्नायू करतात. म्हणून त्यांना शरीराचें दुसरें हृदय म्हणतात. माणूस चालतो तेव्हां हे स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललें जातें. शिरांमधील लहान लहान पडदे तें पुन्हां खालीं येऊं देत नाहींत. परंतु एकाच जागीं तासचे तास उभें राहिलें, तर हा पंप बंद पडतो, रक्त सांचतें, पडद्यांवर ताण येतो, आणि वर्षानुवर्षांच्या ताणानें ते निकामी होतात. मग पाय सुजतो, कातडी काळवंडते, आणि एखादी साधी ठेंचहि व्रण होऊन बसते. मावशीच्या डाव्या घोट्यावरचा तसला व्रण भरून येण्यास चौदा महिने लागले. विशेष हें कीं, याच रोगाची चिकित्सा करणारा विभाग ती काम करीत असलेल्या कक्षाच्या खालच्याच मजल्यावर होता. छत्तीस वर्षांत तिनें शेंकडों रोग्यांना तेथें पोंचविलें; स्वतःच्या पायांसाठीं ती तो एक जिना कधीं उतरली नाहीं. पाळी संपली कीं घरचा स्वयंपाक तिची वाट पाहात असे.

त्या व्रणामुळें तिला कांहीं दिवस रुग्णालयांत रोगी म्हणून राहावें लागलें, तेव्हां सोबतीस आम्ही होतों. रात्रीं तिला तहान लागे. पण उशाशीं असलेली घंटा ती वाजवूं देत नसे. "त्या पोरीकडे आज दोन वॉर्ड आहेत," एवढेंच ती म्हणे. अशाच एका रात्रीं अडीच वाजण्याच्या सुमारास ती तरुण परिचारिका तपासणीसाठीं आली. तिचा चेहरा ओढलेला होता. मावशीनें तिला नीट पाहिलें, आणि स्वतःचे दुखरे पाय हळूच एका बाजूस घेऊन पलंगावर हातभर जागा केली. म्हणाली, "बस ग जरा इथं. पाय वर घे. मी सांगतें तें ऐक, जिवाला जप. माझ्या पायांकडे बघ एकदां." ती मुलगी संकोचली, दाराकडे पाहूं लागली, मग बसली. पांच मिनिटेंहि बसली नसेल. पण आपल्या धंद्यांतील कोणास 'बस' म्हणतांना आम्हीं मावशीला त्या रात्रीं प्रथमच ऐकलें.

आतां आमचें म्हणणें असें आहे कीं, त्या हातभर जागेंत जें औदार्य होतें, तें आपल्या सार्वजनिक कृतज्ञतेंत क्वचित् सांपडतें. २०२० सालच्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस सायंकाळीं पांच वाजतां देशभर लोकांनीं सज्जांत, गच्चींत, दारांत उभें राहून टाळ्या वाजविल्या, थाळ्या बडविल्या, शंख फुंकले. करोनाच्या सांथींत जीव धोक्यांत घालून काम करणाऱ्यांसाठीं तो गजर होता. आम्हींहि घरांतील पितळी परात वाजविली, आणि तिच्याविषयीं आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं. कृतज्ञतेला कांहींतरी आवाज लागतो. मनांतल्या मनांत मानलेले आभार पुष्कळदां मनांतच राहतात. परंतु त्याच दिवसांत 'योद्धे' हा शब्द रूढ झाला, आणि 'देवदूत' हाहि. आम्ही भाषेचे मास्तर. एखादा शब्द आला कीं त्याच्या मागून काय येतें, हें पाहण्याची आम्हांस खोड आहे. माणसाला योद्धा म्हटलें म्हणजे त्याचें पडणें हें वीरमरण ठरतें, आणि वीरमरणाची चौकशी कोणी करीत नाहीं. त्याला देवदूत म्हटलें म्हणजे त्याला तहान नसते, मुतखडा नसतो, घरीं तापानें फणफणलेलें मूल नसतें, आणि थकलेलें वेतनहि नसतें. स्तुति ही कधीं कधीं माणसाच्या मागची खुर्ची काढून घेण्याची सभ्य रीत होऊन बसते.

यावर कोणी म्हणेल, सेवा म्हटली कीं कष्ट आलेच. आपला देवच विटेवर उभा आहे, तेथें माणसांची काय कथा! हें उदाहरण आम्हांस मोठें आवडतें; कारण तें देणाऱ्यांना पंढरपूरची उरलेली अर्धी रीत बहुधा ठाऊक नसते. आषाढी यात्रेच्या दिवसांत विठोबाचें दर्शन रात्रंदिवस चालूं असतें. देवाला झोंप नाहीं, म्हणून शेजघरांतील पलंग बाहेर काढून ठेवतात. येथपर्यंत सर्वांस माहीत असतें. परंतु त्याच वेळीं, इतके दिवस सतत उभें राहावयाचें म्हणून, देवाच्या पाठीशीं टेकण्यासाठीं मऊ लोड देतात. आणि यात्रा संपली म्हणजे प्रक्षाळपूजा होते. देवाला ऊन पाण्यानें स्नान घालतात, अंगाचा शिणवटा जावा म्हणून औषधी काढा देतात, पलंग पुन्हां जागेवर येतो, आणि देव निजतो. ज्या वारकऱ्यांनीं त्याला एवढें उभें केलें, त्यांच्याच संप्रदायानें त्याच्या पाठीची आणि झोंपेची काळजी केली. देव दगडाचा आहे, त्यास कसला शिणवटा, असा तर्क कोणीं काढला नाहीं. जादा पाळी झाली, तर जादा विश्रांति ही दिलीच पाहिजे, हा नियम महाराष्ट्रानें आपल्या सर्वांत लाडक्या देवास लावलेला आहे. तो माणसांस लावण्यास कोणतें शास्त्र आड येतें?

ऊंसाची गाडी ओढणाऱ्या बैलासहि पोळ्याचा दिवस आहे. आदल्या दिवशीं त्याच्या खांद्यास हळद आणि तूप चोळून खांदा शेकतात. पोळ्याला त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. वर्षभर काम कोणत्या अवयवानें केलें हें ओळखून त्याच अवयवाची सेवा करणें, ही केवढी बारीक नजर! झाडूवाल्या बाईची कंबर, सिलिंडर वाहणाऱ्याचा खांदा, परिचारिकेच्या पोटऱ्या, वाहतूक पोलिसाचे कान आणि छाती, यांकडे त्या नजरेनें पाहणारा सण आपल्या पंचांगांत अजून यावयाचा आहे.

माणसांच्या विश्रांतीचा इतिहास पाहिला तर ती कोणीं आपण होऊन दिली असें क्वचित् दिसतें. आठवड्याची सुटी आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, रविवार हा सूर्याबरोबर आपोआप उगवतो असें मुलांस वाटतें. परंतु मुंबईच्या गिरण्यांत तो एका मराठी माणसानें उगवविला. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळींतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पांच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या काय होत्या? आठवड्यांतून एक दिवस सुटी असावी, दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा, कामाला सकाळीं साडेसहास आरंभ व्हावा आणि सूर्यास्तास तें थांबावें. एवढ्या माफक मागण्यांपैकीं पहिली पदरांत पडण्यास सहा वर्षें लागलीं. १८९० सालच्या एप्रिलांत मुंबईस सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली; तींत दोन कामगार स्त्रियाहि बोलल्या; आणि त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणी मालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली. दर रविवारीं आपण दुपारीं वामकुक्षी करतों, तिच्या उशाशीं हा इतिहास आहे.

याच लोखंड्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र आमच्या विषयास मोठी अडचण उत्पन्न करितो, आणि ती टाळून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, तेव्हां ते रोग्यांच्या मदतीस धांवले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें गेले. एका महिन्यानें, १० मार्च १८९७ रोजीं, पुण्याकडे सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या एका मुलास पाठीवर घेऊन त्यांनीं आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि त्याच संसर्गानें त्यांचा अंत झाला. या माणसांनीं जिवाला जपलें काय? नाहीं. मग आम्ही इतरांस 'जिवाला जपा' म्हणून सांगणें हा त्यांच्या स्मृतीचा अधिक्षेप होतो काय?

आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यागाची वेळ येते. ती आली म्हणजे कांहीं माणसें मागें पाहात नाहींत, आणि त्यांच्यामुळें समाज जगतो. परंतु सांथ ही सांथ आहे. दर मंगळवार ही सांथ नव्हे. संकटांत एकानें स्वेच्छेनें दिलेला प्राण दाखवून दुसऱ्याकडून रोजच्या रोज थोडथोडा प्राण मागणें, हा त्यागाचा गौरव नसून त्यागाचें व्याज खाणें आहे. लोखंड्यांनीं स्वतः प्राण दिला. पण इतरांसाठीं त्यांनीं मागितला तो रविवार. आपण त्यांच्यापासून काय घ्यावयाचें, हें त्यांनींच ठरवून ठेविलें आहे असें आम्ही समजतों.

आणि हा प्राण थोडथोडा जातो, हें आतां केवळ अलंकारिक बोलणें राहिलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं मिळून २०२१ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यांतून पंचावन्न किंवा अधिक तास काम केल्यामुळें पक्षाघातानें आणि हृदयविकारानें २०१६ या एका वर्षांत जगांत सुमारें ७,४५,००० माणसें मेलीं, असें त्यांत दाखविलें आहे. कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनें २००७ सालीं रात्रपाळीच्या कामास 'बहुधा कर्करोगास कारणीभूत' अशा गोष्टींच्या यादींत घातलें, आणि २०१९ सालीं फेरविचार करून तेथेंच ठेविलें. कामानें येणारा जो सर्वंकष थकवा, ज्यांत माणसाचें मन कामावरूनच उडतें, त्याचीहि नोंद रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत झालेली आहे. सारांश, 'थकलों' म्हणणें हें आळसाचें लक्षण नसून, शरीरानें वेळेवर पाठविलेलें पत्र आहे.

म्हणून या सेवा करणाऱ्या मंडळींशींच आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यांचें पहिलें उत्तर आम्हांस पाठ आहे: 'आमच्यावांचून अडतें.' अडतें हें खरें. परंतु फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेंच पाहा. १८५४ सालीं स्कुतारीच्या रुग्णालयांत त्या गेल्या, हातांत दिवा घेऊन रात्रीं फिरल्या, आणि तेंच चित्र जगानें भिंतीवर लाविलें. पुढच्याच वर्षीं क्रिमियांत त्यांस भयंकर ताप आला, आणि परत आल्यावर अनेक वर्षें त्यांचा बहुतेक वेळ आजारपणानें खोलींतच गेला. त्याच खोलींतून त्यांनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत एक विचार त्यांनीं पुन्हां पुन्हां मांडला आहे: आपण हजर असतांना जें होतें, तें आपण नसतांनाहि होईल अशी व्यवस्था लावणें, हीच चांगल्या शुश्रूषेची परीक्षा. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईचा हा उत्तरकाळचा उपदेश भिंतीवर कोणी लावीत नाहीं. पण आमच्या मतें तो दिव्याहून अधिक उजेड देणारा आहे. आपल्यावांचून अडावें यांत भूषण मानणें हा अहंकाराचा एक अतिशय थकविणारा प्रकार आहे. आपल्या जागीं चार दिवस दुसरें कोणी उभें राहूं शकेल अशी तजवीज करून रजेवर जाणें, हेंहि कर्तव्यच.

दुसरें, पाणी प्या. हें वाचून हंसूं येईल. पण कित्येक परिचारिका, महिला पोलीस, बस-कंडक्टर आणि झाडूवाल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहींत, कारण जवळपास जाण्याजोगें स्वच्छतागृह नसतें. त्यांतून मूत्रमार्गाचे रोग जडतात. तिसरें, डबा वेळेवर उघडा. इतरांना पथ्य सांगणाऱ्यानें स्वतः तिसऱ्या प्रहरीं शिळी पोळी खाणें हें शास्त्रास धरून नाहीं. उभ्या कामांत अधूनमधून टांचा उचलून पोटऱ्यांना हालवा, आणि घरीं गेल्यावर दहा मिनिटें पाय उंच ठेवा. रात्रपाळी करून आल्यावर खोलींत अंधार करून झोंपा, आणि दाराची कडी वाजली तर ती खुशाल वाजूं द्या. आणि सर्वांत अवघड तें शेवटीं: एखादा रोगी हातांतून गेला, एखाद्या गटारांत पाहूं नये तें पाहावें लागलें, तर तें एकट्यानें पोटांत ठेवूं नका, कोणाशीं तरी बोला. रडणें ही दुर्बलता नव्हे; तोहि एक निचरा आहे.

आमच्या मूळ गांवीं एक आशाताई आहेत. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें तेव्हांपासून खेडोपाडीं या बाया नेमल्या गेल्या. सरकारी भाषेंत त्या स्वयंसेविका, त्यांस पगार नाहीं, मानधन आणि कामानुसार मोबदला. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या दहा लाखांहून अधिक बायांचा एकत्र गौरव केला. तर या आमच्या ताई गांवांत कोणाचा रक्तदाब कधीं मोजावयाचा, कोणती सून कितव्या महिन्यांत आहे, कोणाच्या बाळाची कोणती लस राहिली, हें वही न उघडतां सांगतात. एकदां आमच्या सौभाग्यवतींनीं त्यांना ओटीवर बसवून चहा दिला आणि सहज विचारलें, "ताई, तुमचं रक्त कधीं तपासलंत का हो?" त्या हंसल्या. म्हणाल्या, "काकू, वहींत माझं नांव आहे, पण त्याच्या पुढचा रकाना कोरा आहे. भरायला येणारी मीच, मग मला कोण विचारणार?" त्यानंतर त्यांनीं तपासणी करवून घेतली. रक्तांत लोहाचें प्रमाण फार कमी निघालें. ज्या लाल गोळ्या त्या घराघरांत वांटीत, त्याच त्यांनीं स्वतः घेण्यास आरंभ केला. गोळ्या तर त्यांच्याच पिशवींत होत्या. उणीव होती ती कोणीं तरी बसवून विचारण्याची. म्हणूनच आम्ही म्हणतों, ताई, तो रकाना आतां कोरा ठेवूं नका. गांवाच्या आरोग्यांत तुमचें आरोग्यहि मोजलें गेलें पाहिजे.

पण नुसता उपदेश करून आम्ही मोकळे झालों, तर त्याची थट्टा होईल. खुर्ची न ठेवतां 'बसा' म्हणणें यासारखी निर्दय गंमत दुसरी नाहीं. इंग्लंडांत दुकानांतून दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींसाठीं १८९९ सालीं पार्लमेंटास कायदा करावा लागला कीं, दर तीन स्त्री-नोकरांमागें निदान एक बैठक असावी. आपल्याकडे केरळांत कापडाच्या दुकानांतील विक्रेत्या बायांनीं बसण्याच्या हक्कासाठीं चळवळ केली, आणि २०१८ सालीं तेथील दुकानांच्या कायद्यांत बैठकीची तरतूद झाली. तामिळनाडूनें २०२१ सालीं तिचें अनुकरण केलें. बसणें ही गोष्ट कायद्यानें मागावी लागते, हें वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें आणि मग आलें नाहीं. वेळेवर वेतन, पुरेशीं माणसें, हातमोजे आणि बूट, स्वच्छतागृह, भरपगारी रजा, या खुर्च्या संस्थांनीं आणि सरकारनेंच मांडावयाच्या आहेत. त्या मांडल्या गेल्या नाहींत, तर 'जिवाला जपा' हा सल्ला ज्याचा जीव जातो त्यालाच दोष देणारा ठरेल.

तरी सरकारच्या खुर्चीची वाट पाहात आपल्या घरचा पाट भिंतीशीं उभा ठेवण्याचें कारण नाहीं. कांच फुटली तर ती कागदांत गुंडाळून, वर खूण करून निराळी द्यावी. आपल्या कचऱ्यानें कोणाचा हात कापूं नये. घरकामाच्या बाईस आठवड्याची सुटी द्यावी, आणि ती देतांना उपकाराचा सूर काढूं नये. रविवार हा उपकार नव्हे, हें आपण वर पाहिलें. आजारी माणसाजवळ असतां परिचारिकेस दहावी हांक मारण्यापूर्वी पाण्याचा पेला आपणच भरावा. रात्रीं वीज गेली तर वायरमनला पांचव्या मिनिटास फोन न करतां पंधराव्या मिनिटास करावा. दिवाळीची बक्षिसी द्यावीच. पण तिच्यासोबत नांव विचारावें, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तें लक्षांत ठेवावें. यांतील एकाहि गोष्टीला पैसा लागत नाहीं, असें नाहीं. पण पैशापेक्षां लक्ष अधिक लागतें, आणि सुशिक्षित घरांत पैशापेक्षां त्याचाच तुटवडा फार.

जिना चढून कोणी आलें, तर दाराजवळ एक स्टूल असूं द्यावें आणि त्यावर वर्तमानपत्रांचा ढीग असूं नये. तें रिकामें असलें म्हणजे तोंडांतून शब्दहि आपोआप निघतो. आणि ज्यांना तो शब्द ऐकावयाचा आहे, त्यांस आमची एकच विनंती: 'नको, घाई आहे' हें उत्तर ओठांवर तयारच असतें, तें क्षणभर आंत ठेवावें. घाई खरी असेल. पुढें आणखी वीस घरें असतील. त्या वीस घरांसाठीं तरी, जरा बसा. पाणी पिऊन मग उठा.